कराटेचा वर्ग निवडताना शेवटची रांग बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ३८, राहणं बडोद्यात मांजलपूरला, नोकरी दिवसभर बसून करायची. नऊ वर्षांच्या मुलीला कराटेला घालायचं आहे आणि तिच्याबरोबर स्वतःलाही शिकायचं आहे, ऑक्टोबरपासून. आजवर कुठलाही खेळ खेळलेला नाही, जिना उतरताना उजवा गुडघा कुरकुरतो. घराजवळ दोन वर्ग आहेत. एकाच्या बोर्डावर 'एका वर्षात ब्लॅक बेल्ट' असं लिहिलंय, दुसऱ्यातले सर फार रागीट आहेत असं ऐकलंय. शैली कोणती चांगली, सामान काय घ्यावं, आणि सासूबाई म्हणतात तसं, हे काय लाथा झाडायचं वय आहे का?

सासूबाईंपासूनच सुरुवात करते, कारण त्यांची समजूत काढणं सगळ्यात सोपं. बडोद्यातल्या मराठी घराला तालमीचं वावडं असायचं काही कारण नाही. दांडिया बाजारातलं जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि प्रोफेसर माणिकराव ही नावं आपल्याकडे आजोबांच्या पिढीपासून कानावर आहेत. माझे आजोबा सत्तरीतही सकाळी जोर काढायचे आणि आम्हा नातवंडांपैकी एकाला मोजायला समोर बसवायचे. १९८८ साली, मी एम. एस. युनिव्हर्सिटीत असताना, कराटेला जाते म्हणून सांगितलं तेव्हा आईने कपाळाला हात लावला. आजोबांनी मात्र एकच विचारलं, "तिथे माती असते का?" नसते म्हटल्यावर जरा हिरमुसले, पण म्हणाले, जाऊ दे तिला. सासूबाईंना हवं तर 'जपानी तालीम' म्हणून सांगा. ते फार चुकीचंही नाही.

आता वय. मी कराटे शिकवते, माझ्या संध्याकाळच्या बॅचला चाळिशी ओलांडलेल्या सहा बायका आहेत, त्यातली एक पंचावन्नाव्या वर्षी आली. त्या घोळक्यात तुम्ही धाकट्या ठराल. वयाने दोन गोष्टी बदलतात. खुब्याचे सांधे आखडलेले असतात, त्यामुळे लाथ कमरेच्या वर जायला महिने लागतात. आणि आज दुखलेलं अंग उद्या मोकळं होत नाही, परवा होतं. म्हणून रोजचा वर्ग घेऊ नका, एक दिवस आड असे आठवड्यातून तीन दिवस पुरे. लाथ वर जात नाही याची लाज तर अजिबात बाळगू नका. ओकिनावा हे जपानच्या दक्षिणेचं बेट कराटेचं माहेर, तिथल्या जुन्या कराटेत लाथा बहुतेक कमरेखालीच असायच्या, डोक्यापर्यंतच्या लाथांचं प्रस्थ नंतर वाढलं, स्पर्धांमुळे जास्तच. बीपी मात्र एकदा मोजून या. नवखी माणसं जोर लावताना श्वास रोखून धरतात आणि बीपी आधीच वर असेल तर ते बरं नाही. आम्ही ठोशाबरोबर श्वास सोडायला लावतो, ओरडायला लावतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

आता मुख्य गोष्ट, वर्ग कोणता. लोक शिक्षकाच्या कपाटातली मेडलं मोजतात, फोटो बघतात, फार तर एखादी उडी मारून घेतलेली किक बघतात आणि फी भरून मोकळे होतात. मी सगळ्यांना सांगते, शेवटची रांग बघा. एक संध्याकाळ काढा आणि आत जाऊन पूर्ण तासभर बसा. कराटेच्या रांगेत जुने विद्यार्थी पुढे, नवे मागे. पुढची रांग बघाल तर कुठलाही वर्ग झकास दिसतो, कारण त्या रांगेत टिकलेली मुलं उभी असतात. जी टिकली नाहीत ती तिथे नसतातच. आणि तुम्ही दोघी मायलेकी उभ्या राहणार आहात शेवटच्या रांगेत.

तिथे काय बघायचं ते सांगते. सर "इचि, नि, सान, शि" असं मोजत असतात, पुढची पोरं ठेक्यात सरकत असतात, आणि मागे एखादा सात-आठ वर्षांचा मुलगा डावा पाय पुढे घ्यायचा की उजवा यात अडकून जागच्या जागी उभा असतो. त्याचे हात अर्धवट वर, नजर शेजाऱ्यावर. पुढच्या दहा मिनिटांत त्याच्याकडे कुणी आलं का? सर स्वतः आले, एखादा ब्राउन बेल्टवाला जुना विद्यार्थी पाठवला, त्याच्या शेजारी उभं राहून दोन पावलं टाकून दाखवली, तर वर्ग चांगला. लांबूनच "ए, लक्ष कुठाय!" झालं आणि गाडी पुढे गेली, तर त्या मुलाचं दिवाळीपर्यंत येणं बंद होईल, आणि तुमचंही. आणखी एक. तासातली किती मिनिटं मागची मुलं प्रत्यक्ष हलत होती? पॅडवर किक मारायला वीस जणांची रांग लावली की प्रत्येकाच्या वाट्याला दोन किक येतात आणि बाकी वेळ शेंडीला धरून मारामारी. तासभर फी तुम्ही त्याचीही भरता.

मी हे सगळं ठेच लागून शिकले. माझ्या पहिल्याच आठवड्यात, ज्या ठिकाणी मी गेले होते तिथे, नव्या-जुन्यांना एकत्र सिमेंटच्या उघड्या जमिनीवर मुठींवर जोर मारायला लावले. मनगट कसं ठेवायचं ते कुणी सांगितलं नाही. सातव्या जोराला माझं उजवं मनगट आत वळलं, संध्याकाळपर्यंत सुजून पुरीसारखं फुगलं. दोन आठवडे मैत्रिणींच्या अक्षरात जर्नल सबमिट केलं. त्या शिक्षकांच्या मनात काही वाईट नव्हतं, त्यांनाही तसंच शिकवलं गेलं होतं. पण मागच्या रांगेत कोण आहे हे त्यांना दिसतच नव्हतं.

'एका वर्षात ब्लॅक बेल्ट'चा हिशेब आता करून बघू. बऱ्याच शैलींत व्हाइट बेल्टपासून ब्लॅकपर्यंत दहा पायऱ्या धरतात, त्यांना क्यू म्हणतात, दहापासून उलटं मोजत एकपर्यंत. खालच्या रंगांच्या परीक्षा तीन-चार महिन्यांनी होतात, ब्राउनच्या आणि त्यापुढच्या साधारण सहा महिन्यांनी. नियमित येणाऱ्या, न चुकवणाऱ्या माणसालाही बेरीज साडेतीन-चार वर्षांखाली येत नाही. ती एका वर्षात बसवायची तर प्रत्येक महिन्याला एक बेल्ट आणि प्रत्येक बेल्टला परीक्षेची फी, सर्टिफिकेटची फी, नव्या बेल्टचे पैसे. बोर्डावरच्या त्या ओळीचा अर्थ मला तरी इतकाच कळतो. कुठेही जा, पहिल्याच दिवशी स्पष्ट विचारा की वर्षात किती परीक्षा, प्रत्येकीचे किती पैसे, आणि परीक्षा न दिल्यास चालेल का. ज्यांना या प्रश्नाचा राग येतो त्यांच्याकडे जाऊ नका.

आमच्याकडे गुजराती आया पहिल्या महिन्यातच विचारतात, "बेन, ब्लॅक बेल्ट क्यारे मळशे?" मराठी आया तेच विचारतात, फक्त जरा आडून. मी सांगते की ब्लॅक बेल्टच्या पहिल्या पायरीचं नाव शोदान, आणि त्यातला 'शो' म्हणजे आरंभ. बेल्टची ही पद्धत मूळची कराटेची नाहीच. ज्युदो सुरू करणाऱ्या जिगोरो कानो यांची ती, ड्रेसही त्यांच्याकडूनच आला. ओकिनावाचे कराटे शिक्षक गिचिन फुनाकोशी यांनी कराटेत पहिले 'दान', म्हणजे ब्लॅक बेल्टचे दर्जे, दिले ते १९२४ साली. म्हणजे तोवर ओकिनावात पिढ्यान् पिढ्या लोक रंगाशिवाय शिकले. बेल्ट कधी धुवायचा नसतो, मळून मळून काळा होतो, ही गोष्ट तुम्हाला कुणीतरी सांगेलच. धुवा. बडोद्याच्या जूनमध्ये न धुतलेला बेल्ट कसा वास मारतो ते मला माहीत आहे.

दुसऱ्या वर्गातल्या रागीट सरांबद्दल, ऐकीव गोष्टीवर जाऊ नका, बघून या. आवाज मोठा असणं वेगळं. साठ मुलांच्या हॉलमध्ये माझाही आवाज रावपुऱ्यापर्यंत जातो असं म्हणतात. बघायचं ते हे: चूक झाल्यावर चुकीबद्दल बोलतात की मुलाबद्दल? 'गुडघा वाकव' हे कडक आहे. 'ढ आहेस' हा अपमान आहे. हात धरून दुरुस्त करताना, विशेषतः मुलींना, आधी सांगतात का? छडी हातात आहे का? आणि पालकांना बसू देतात का? 'पालकांनी आत थांबू नये' असा ज्या वर्गाचा नियम असेल तिथे नऊ वर्षांच्या मुलीला घालू नका, मग सर कितीही गोड बोलोत.

शैलीचा प्रश्न लोक फार मोठा करतात. थोडं सांगते, म्हणजे बोर्डावरची नावं वाचून गोंधळ होणार नाही. फुनाकोशी १९२२ साली ओकिनावाहून टोकियोला प्रात्यक्षिक द्यायला गेले आणि तिथेच राहिले. 'शोतो' हे त्यांचं टोपणनाव, पाइनच्या झाडांतून वाऱ्याची जी लाट जाते ती, त्यावरून शोतोकान. यात पवित्रे लांब आणि खाली बसलेले. चोजुन मियागी यांची गोजू-र्यू, 'गो' म्हणजे कठीण आणि 'जू' म्हणजे मऊ. त्यात पवित्रे आखूड, श्वासावर भर फार. केनवा माबुनी यांची शितो-र्यू त्यांच्या दोन गुरूंच्या नावांतल्या अक्षरांवरून, हिच्यात कातांचा, म्हणजे ठरलेल्या क्रमाच्या हालचालींचा, खजिना मोठा. हिरोनोरी ओत्सुका मुळात जुजुत्सू ही जपानी झटापटीची विद्या शिकलेले, त्यांच्या वादो-र्यूत अंग चुकवण्याचं वळण आहे. मासुतात्सु ओयामांची क्योकुशिन या सगळ्यांपेक्षा वेगळी: तिच्या लढतीत ग्लोव्हज न घालता छातीवर, पोटावर, मांडीवर पूर्ण ताकदीने मारतात, फक्त हाताने डोक्याला मारायचं नाही. तुमच्या गुडघ्यासाठी कागदावर गोजू किंवा वादो बरी. पण मांजलपूरहून रोज कारेलीबागला जाऊन गोजू शिकण्यापेक्षा घराजवळच्या समजूतदार शिक्षकाकडे शोतोकान शिकणं शंभरपट चांगलं. पाच मिनिटांवरचा वर्ग पावसाळ्यातही होतो. विश्वामित्री नदीला पाणी आलं की मग तसंही कुणीच कुठे जात नाही.

शिकवण्याची पद्धत सगळ्यांकडे साधारण सारखीच असते: किहोन म्हणजे मूळचे ठोसे, अडवणी, लाथा, काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायचा सामना, आणि कुमिते म्हणजे जोडीदाराबरोबरची लढत. तुमच्या मुलीला पहिल्यांदा जो काता शिकवतील तो बहुधा ताइक्योकु किंवा हेइआनमधला असेल. हेइआनचे पाच काता आंको इतोसू यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावाच्या शाळांतल्या मुलांसाठी बसवले, तेव्हा त्यांचं नाव पिनान होतं. एकाच वेळी वर्गभर मुलांना, मोजणीवर. आपल्याकडच्या सांघिक व्यायामाची आठवण यावी असंच ते प्रकरण. एक गंमत सांगून ठेवते: शोतोकानमध्ये पहिला म्हणून जो शिकवतात तोच काता इतर शैलींत पिनान 'निदान', म्हणजे दुसरा, म्हणून ओळखतात. पुढे वर्ग बदललात तर डोकं धरू नका.

पहिल्या तीन महिन्यांत तुम्हाला कंटाळा येईल. उभं राहणं, चालणं, मूठ वळणं, परत उभं राहणं. हे सांगून ठेवते कारण निम्मी माणसं इथेच गळतात. पण सगळं कराटे याच तीन गोष्टींत आहे, म्हणून त्यावर जरा थांबते.

मूठ. हात समोर उघडा धरा. चार बोटांची पेरं आधी आत वळवा, मग ती गुंडाळी तळव्यात घट्ट दाबा, आणि अंगठा बाहेरून पहिल्या दोन बोटांवर आडवा ठेवा. अंगठा मुठीच्या आत ठेवलात तर पहिल्याच ठोशाला तो मोडायची सोय झाली. घरच्या घरी करून बघा, दहा बायकांतल्या चार जणी अंगठा आत घेतात. आता मूठ भिंतीला टेकवा, अगदी हळू. भिंतीला लागली पाहिजेत ती पहिल्या दोन बोटांची हाडं, चारही नाहीत. मनगटाच्या मागच्या बाजूवर एक पट्टी ठेवली तर ती हातापासून कोपरापर्यंत सपाट बसली पाहिजे. माझं मनगट त्या वर्षी याच एका गोष्टीने सुजलं होतं. आणि ठोसा मारताना दुसरा हात तितक्याच जोरात मागे, कमरेशी यायला हवा. नवी माणसं मारणाऱ्या हाताकडे बघतात. मी मागे येणाऱ्या हाताकडे बघते, त्यावरून कळतं की कंबर फिरली की नुसता खांदा.

उभं राहणं. पुढे वाकलेल्या पवित्र्याला झेनकुत्सु-दाची म्हणतात. एक पाय पुढे, गुडघा वाकवलेला, मागचा पाय सरळ, वजन साधारण साठ टक्के पुढे आणि चाळीस मागे. दोन पायांत खांद्याइतकं अंतर रुंदीलाही हवं. नवखे लोक दोरीवर चालल्यासारखी पावलं एका रेषेत ठेवतात, मग बोटाने ढकललं तरी पडतात. आणि इथेच तुमच्या गुडघ्याचा प्रश्न येतो. पुढचा गुडघा वाकवल्यावर खाली बघा: तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत आहे का? आतल्या बाजूला, अंगठ्याच्याही आत झुकत असेल, तर सगळा भार गुडघ्याच्या आतल्या बाजूवर येतो. बसून काम करणाऱ्यांच्या मांड्या आणि नितंब कमजोर असतात, त्यामुळे गुडघा आत पडतोच. उपाय कंटाळवाणा पण नक्की: सुरुवातीचे दोन महिने पवित्रा उंच ठेवा, कमी वाका, आणि घरी रोज भिंतीला पाठ लावून अर्ध्या खुर्चीइतकं बसा, पंधरा-वीस सेकंद, पाचदा. 'खाली बस, अजून खाली' असं सर ओरडले तरी 'गुडघ्यामुळे इतकंच' असं शांतपणे सांगा. चांगला शिक्षक पुढच्या वेळी आधीच तुमच्याकडे बघून घेतो.

वळताना जास्त जपायचं. कातात दर तीन-चार पावलांनी वळण येतं. पाऊल, गुडघा आणि कंबर एकत्र वळायला हवेत. पाऊल जमिनीला चिकटून राहिलं आणि कंबर फिरली, की मधल्या मधे गुडघा पिळला जातो. माझा डावा गुडघा असाच गेला, तोही शिकायला लागून आठ वर्षं झाल्यावर, नव्या रबरी मॅटवर. मॅट मऊ असते म्हणून आपण निर्धास्त असतो, पण ती पाय धरून ठेवते. कोटा स्टोन पाय सोडतो, पण पडलं की हाड मोजतो. मला विचाराल तर वळणं गुळगुळीत फरशीवर आणि पडणं मॅटवर. गुडघा नुसता कुरकुरत असेल तर सुरुवात करायला हरकत नाही. सुजत असेल, अडकत असेल किंवा चालताना अचानक दगा देत असेल, तर वर्गाआधी हाडांच्या डॉक्टरांकडे.

सामान फारसं लागत नाही. पहिला महिना ट्रॅक पँट आणि टी-शर्टवर काढा, कुठलाही शहाणा शिक्षक अडवणार नाही. मग ड्रेस घ्या, पण पातळ कापडाचा. जाड कॅनव्हासच्या ड्रेसचा ठोशाबरोबर फटाक असा आवाज येतो, मुलांना त्याचीच भुरळ पडते, पण मे महिन्यात बडोद्यात बेचाळीसच्या वर पारा जातो तेव्हा त्या आवाजाची किंमत कळते. ड्रेसचा नंबर उंचीवरून ठरतो: ३ नंबर साधारण १६० सेंटीमीटरला, ४ नंबर १७०ला, मुलीला बहुधा ० किंवा १ लागेल. सुती असेल तर धुतल्यावर आटतो, तेव्हा एक नंबर मोठाच घ्या. वरचा कोट हालचालीत उघडतो म्हणून बायका आत पांढरा टी-शर्ट घालतात, तसा नियमच आहे म्हणा. ग्लोव्हज, शिन गार्ड, दातांचं गार्ड हे कुमिते सुरू झाल्यावर, पहिल्या दिवशी पूर्ण किट घ्यायला लावलं तर ते दुकान आहे असं समजा.

जोडवी काढा. हे कुठल्याही पुस्तकात नसतं म्हणून मुद्दाम लिहिते. अनवाणी लाथ मारताना जोडवं शेजारच्या बोटात रुततं, समोरच्याच्या पोटरीला ओरखडा काढतं, आणि बोट सुजलं तर जोडवं कापून काढावं लागतं. मंगळसूत्र, बांगड्या, कानातले झुबेही. माझ्या वर्गाच्या कोपऱ्यात एक जुना स्टीलचा डबा आहे, तासभर सगळ्यांचं सौभाग्य त्यात असतं. सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवा, पहिल्या दिवशी मोकळी बोटं घेऊन घरी गेलात तर विषय नको तिकडे जाईल. आणि नखं, हातापायाची, दोघींचीही.

मायलेकी एकाच वर्गात असण्याबद्दल. मुलगी तुमच्याआधी काता पाठ करेल, हे लिहून ठेवा. नऊ वर्षांची मुलं बघून शिकतात, आपण विचार करून शिकतो, आणि विचाराला वेळ लागतो. एका बाई माझ्याकडे मुलासोबत यायच्या. त्यांचा निम्मा तास "सोहम, पाय सरळ!" यात जायचा. त्यांचं ना धड शिकणं झालं, ना त्याचं. शेवटी मी त्यांना हॉलच्या दोन टोकांना उभं केलं. मूल चुकलं तर चुकू द्या, तिथे तिची आई नाही, एक व्हाइट बेल्ट उभी आहे असं समजा. घरी मात्र तिला शिकवायला सांगा. मूल आईला शिकवताना जेवढं पक्कं करतं तेवढं वर्गात कधी करत नाही. तिला स्पर्धेला उतरवायची घाई करू नका, वर्षभर तरी. एका गोष्टीची कल्पना असू द्या: टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, कराटे होतं, २०२४च्या पॅरिसमध्ये नव्हतं. 'ऑलिंपिकला पाठवू' म्हणणाऱ्या वर्गाला हा प्रश्न जरूर विचारा. आणि मुलांना विटा, कौलं फोडायला लावणारा, मुठी टणक करायला दगडावर आपटायला लावणारा वर्ग असेल तर सरळ परत फिरा. त्या वयात हाडांची टोकं अजून वाढत असतात.

स्वसंरक्षणाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेलच, प्रत्येकीच्या असतं. खरं सांगते: सहा महिन्यांच्या कराटेने तुम्ही अंगावर आलेल्या माणसाला लोळवू शकणार नाही. जो कुणी तसं सांगतो तो फी घेऊन खोटं बोलतो. पण तीन गोष्टी सहा महिन्यांत नक्की येतात. एक, आवाज. पहिल्या दिवशी कियाइ, म्हणजे ठोशाबरोबरची आरोळी, द्यायला सांगितलं की बायका हसतात, तोंडावर हात घेतात. आपल्याला लहानपणापासून 'हळू बोल' म्हणून वाढवलेलं असतं. तो हात खाली यायला महिना लागतो, पण मग येतो तो आवाज रस्त्यावर उपयोगी पडतो. दोन, अंतर. समोरचा माणूस हात पोचेल इतका जवळ आलाय हे पायांना कळायला लागतं, आणि पाय आपोआप मागे सरकतात. तीन, धरलेलं मनगट सोडवणं. हे आत्ताच नवऱ्याबरोबर करून बघा: त्यांना तुमचं मनगट घट्ट धरायला सांगा. मागे ओढू नका, ते जिंकतील. त्यांची चार बोटं आणि अंगठा जिथे भेटतात ती फट शोधा. तुमच्या मनगटाची अरुंद कड त्या फटीकडे वळवा आणि कोपर त्यांच्याकडे नेत झटकन बाहेर काढा. चार बोटांशी भांडायचं नाही, एकट्या अंगठ्याशी भांडायचं. निसटल्यावर पुढे काय? पळायचं, ओरडत, आणि सुरक्षित जागी पोचल्यावर १८१ला, अभयम या गुजरातच्या महिला हेल्पलाइनला फोन. वर्गात आम्ही हे 'पळायचं' सुद्धा करून घेतो, हॉलच्या दारापर्यंत, कारण चांगल्या चांगल्या मुली हात सोडवून तिथेच उभ्या राहतात, आता शाबासकी मिळेल म्हणून.

शेवटचा मुद्दा मुहूर्ताचा. तुम्ही ऑक्टोबरपासून म्हणताय, तर दसऱ्यानंतर सुरू करा. नवरात्राचे नऊ दिवस बडोद्यात कराटेचा वर्ग भरतो ही अफवा आहे. पहिल्या दिवशी पाच जण येतात, तिसऱ्या दिवशी मी आणि वॉचमन. नंतरच्या आठवड्यात सगळे अनवाणी गरबा खेळून तळव्यांना फोड घेऊन येतात, तेव्हा मी त्यांना फक्त बसून करायचे व्यायाम देते. पण एक फायदा होतो. नऊ रात्री गोल फिरलेल्या माणसांना वळणं शिकवावी लागत नाहीत. पाऊल, गुडघा, कंबर एकत्र वळतात, कुणी न सांगता. तेव्हा यंदा गरबा चुकवू नका, फक्त उजव्या गुडघ्याला जपून खेळा, आणि दसऱ्यानंतरच्या सोमवारी दोन्ही वर्ग एकदा आत बसून बघून या, मागच्या भिंतीला टेकून.